गाणाऱ्याच्या कानावर काय चढवायचं?

जून लागला की होड्या किनाऱ्याला येतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. थळ, वरसोली, आक्षी, रेवदंडा, मुरूड अशा रायगडच्या कोळीवाड्यांत मग होड्या शाकारायच्या, फाटकी जाळी सांधायची, इंजिनाची डागडुजी करायची, अशी कामं निघतात. अलीकडे या दिवसांत आणखी एक काम असतं. नारळी पौर्णिमेला नवं कोळीगीत यायला हवं, पाठोपाठ गणपतीचं, आणि तुळशीचं लग्न झालं की हळदीची गाणी. पूर्वी यासाठी रेवसहून लाँच धरून भाऊचा धक्का गाठायचा आणि मुंबईतल्या स्टुडिओत तासाच्या भाड्याने उभं राहायचं. आता अलिबाग, पेण, उरण, पनवेल या पट्ट्यात घराच्या माळ्यावर, भाड्याच्या गाळ्यात, कुठे दिवंगत आजीच्या खोलीत स्टुडिओ उभे आहेत. एक संगणक, एक साउंड कार्ड, एक माइक, भिंतीला फोम किंवा गोधड्या, आणि गाणारा पोरगा.

या खोल्यांत पैसा सगळ्यात आधी माइकवर जातो. कुठला माइक, कितीचा, त्याला पॉप फिल्टर कसला, यावर तासन्‌तास चर्चा झडते. हेडफोनची पाळी शेवटी येते, तीही उरलेल्या पैशांत. मोबाइलबरोबर आलेला इअरफोन, भावाचा ब्लूटूथवाला, नाहीतर बाजारातला 'भारी बेस'वाला. वैद्यकाच्या नजरेतून हा क्रम उलटा आहे. माइक बिघडला तर दुसरा मिळतो. कानाच्या आत, शंखिकेत, आवाज टिपणाऱ्या केसपेशींचं तसं नाही. एका कानात बाहेरच्या ओळीतल्या सुमारे १२ हजार आणि आतल्या ओळीतल्या साडेतीन हजार, एवढंच जन्माचं भांडवल. कोंबडीच्या कानात मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवतात. माणसाच्या कानात उगवत नाहीत.

गाणं रेकॉर्ड करताना हेडफोनला दोन कामं असतात. गाणाऱ्याला ताल-सूर आणि स्वतःचा आवाज ऐकू यायला हवा, आणि तो ताल माइकला ऐकू जायला नको. दुसऱ्या कामासाठी पाठीमागून जाळीसारखे उघडे असलेले हेडफोन बाद होतात. उघड्या प्रकारचे हेडफोन ऐकायला मोकळे, छान वाटतात. गाणं तयार झाल्यावर त्याचं मिक्सिंग करायला अनेक जण तेच पसंत करतात. पण गाताना त्यांतून ढोलकीचा ठेका आणि मेट्रोनोमची टिकटिक बाहेर झिरपते आणि समोरच्या माइकमध्ये जाऊन बसते. मग हळव्या ओळीच्या मागे टिक-टिक ऐकू येत राहते आणि ती काढता येत नाही. म्हणून गाण्यासाठी बंद पाठीचा, पूर्ण कान झाकणारा हेडफोन घ्यावा, हे स्टुडिओतलं जुनं शहाणपण. सोनीचा एमडीआर ७५०६ १९९१ पासून याच कामासाठी जगभर वापरला जातो. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, सेनहायझरचा एचडी २८० प्रो हेही त्याच पंथातले. नामांकित मॉडेलांच्या नकला बाजारात पुष्कळ असतात, तेव्हा निम्म्या किमतीत मिळाला म्हणून हुरळून जाऊ नये.

इथपर्यंत कुठलाही ध्वनिमुद्रक सांगेल. पण बंद हेडफोन का घ्यायचा याचं त्याहून मोठं कारण माइकच्या बाजूला नाही, कानाच्या बाजूला आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. हेडफोन बाहेरचा आवाज जितका अडवतो, तितका आतला आवाज कमी ठेवता येतो. खरेदी करताना पाहायची मुख्य गोष्ट ही. बेस, दिसणं, कंपनीचं नाव या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या.

घरगुती स्टुडिओ शांत असतो अशी एक समजूत आहे. अलिबागला चुंबकीय वेधशाळा १९०४ साली आली ती मुंबईत विजेच्या ट्राम धावणार आणि कुलाब्यातल्या सुया नाचणार या भीतीने. त्या काळी समुद्रापलीकडचं हे गाव शांततेसाठी निवडलं गेलं होतं, जरी ती शांतता चुंबकीय होती. आज उरणच्या बाजूला बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रेलरची रांग हटत नाही. वडखळ-पेणला महामार्ग कानाशी आहे. पावसाळ्यात पत्र्यावर सरी आपटतात तेव्हा शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. वीज गेली की जनरेटर. रात्री सगळं थांबलं म्हणून गायला घ्यावं, तर शेतातले बेडूक. अशा खोलीत नुसता इअरफोन कानाला टेकवून गाणारा माणूस पहिल्या कडव्यालाच हात वर करतो, 'ट्रॅक वाढव.' सर जोरात आली की पुन्हा, 'अजून वाढव.' सर थांबते, वाढवलेला आवाज मात्र तसाच राहतो.

याच वेळी गळ्यातही काही घडत असतं. एटिएन लोम्बार या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञाने १९११ साली नोंदवलं की कानात गोंगाट सोडला की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो, आणि गोंगाट बंद केला की आवाज आपोआप खाली येतो. यात इच्छेचा भाग फारसा नसतो. हेडफोनमध्ये ट्रॅक वाढवला की गाणारा ओढून गातो. ओढून गायलेल्या आवाजापुढे ट्रॅक पुन्हा कमी वाटतो आणि तो आणखी वाढवला जातो. तीन तासांनी कान सुन्न आणि गळा बसलेला. 'पावसाळी हवेने आवाज बसला' म्हणून हळद-दूध सुरू होतं. असं वारंवार झालं तर स्वरयंत्राच्या पट्ट्यांवर गाठी येऊ शकतात, आणि त्याचं मूळ चुकीच्या हेडफोनमध्ये असू शकतं, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आता थोडा हिशेब. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली सुरक्षित ऐकण्याचं जे मानक पुढे आणलं, त्यात मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, ही मर्यादा धरली आहे. डेसिबलची चढण सरळ नसते. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून मुभा निम्मी होते. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच. म्हणजे ९२ डेसिबलवर एक बैठक झाली की कानाचा आठवड्याचा कोटा संपला. त्यानंतरचा डीजे, गाडीतलं गाणं, मोबाइलवरची मालिका हे सगळं कर्जाऊ. आता उलटं पाहा. कान नीट झाकणाऱ्या हेडफोनमुळे गाणाऱ्याला फक्त ९ डेसिबल कमी आवाजात भागवता आलं, तर ९२ चे ८३ होतात आणि अडीच तासांचे २० तास. साउंड कार्डवरच्या बटणाचा तो थोडासाच फेर असतो. आणि आवाज वाढवायला यंत्राची ताकद कमी पडत नाही. ज्या हेडफोनच्या कागदावर एका मिलिवॅटला ९९ डेसिबल असं लिहिलेलं असतं, तो १० मिलिवॅटला १०९ पर्यंत जातो, आणि एवढी वीज पुरवणं बऱ्याच साउंड कार्डांना जड नाही. मोबाइल निदान इशारा देतो. स्टुडिओतलं बटण मुकाट फिरतं.

केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने २०२५ च्या फेब्रुवारीत इअरफोन-हेडफोनच्या वापराबद्दल राज्यांना लिहिलं. आवाज ५० डेसिबलच्या वर नको, वापर दिवसाला दोन तासांच्या वर नको, असा त्याचा सूर होता. हेतू योग्य आहे. पण ५० डेसिबल म्हणजे शांत घरातल्या हलक्या बोलण्याइतका आवाज. खुल्या गळ्याने कोळीगीत गाणाऱ्याचा स्वतःचाच आवाज त्याच्या कानाशी याच्या कितीतरी वर असतो. ज्या सल्ल्याचं पालन करताच येत नाही, तो माणूस पूर्णच सोडून देतो. गाणाऱ्यांसाठी, वादकांसाठी, डीजे चालवणाऱ्यांसाठी वेगळा, पाळता येईल असा सल्ला असायला हवा. जागतिक मानकातला ८० चा आकडा त्याला अधिक जवळचा आहे.

मग दुकानात काय करावं? हेडफोन चढवावा, काहीही वाजवू नये, आणि बरोबरच्या माणसाला हातभर अंतरावर नेहमीच्या आवाजात बोलायला सांगावं. बोलणं जितकं दबलेलं, पुसट, तितका तो हेडफोन चांगला. मग ओळखीचं एक गाणं अगदी हळू लावून ते नीट कळेपर्यंतच वाढवावं, आणि बटण कुठे थांबलं ते पाहावं. दोन-तीन हेडफोनांत जो सर्वांत कमी आवाजात ट्रॅक स्पष्ट ऐकवतो, तो घ्यावा. एक ध्यानात ठेवावं. असे हेडफोन बोलणं, बेडूक, पंख्याची सळसळ चांगली अडवतात. ट्रकची आणि जनरेटरची खोल घरघर फारशी अडवत नाहीत. त्यासाठी जनरेटरच लांब न्यावा लागतो. कंपन्या अडवणुकीचे जे मोठे आकडे छापतात, ते 'इतक्यापर्यंत' असतात, सगळ्या स्वरांना नव्हे. एचडी २८० प्रोसाठी ३२ डेसिबलपर्यंतचा दावा आहे, तोही असाच वाचावा.

आणि गादी कानाभोवती नीट बसायला हवी. एवढीशी फट राहिली तरी अडवणूक ढासळते. चष्म्याची जाड काडी फट पाडते. बुगडी, मोठी कुडी, झुबे फट पाडतात आणि तासाभरात कानही दुखवतात. दागिने उतरवून ठेवायला सांगणं हे ध्वनिमुद्रकाचं कामच आहे. अंबाड्यावर पट्टी बसत नाही, मग ती कपाळाकडे सरकते आणि कप कानाच्या खालून उचलले जातात. घरचा हेडफोन पुरुषाच्या डोक्याला बेतून घेतलेला असतो, आणि गायला येते बाई. खरेदीला तिलाच न्यावं.

कान घट्ट झाकले की एक तक्रार हमखास येते: 'माझाच आवाज घुमतो, बेसूर वाटतं.' तक्रार खरी आहे. आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, हवेतून आणि कवटीच्या हाडांतून. जॉर्ज फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाने १९४९ साली दाखवलं की दोन्ही वाटांचा वाटा साधारण सारखा असतो. कानाच्या याच संशोधनाच्या वाटेवर त्यांना पुढे १९६१ चं नोबेल मिळालं. कान बंद केला की हवेची वाट अडते आणि हाडांतून आलेले खालचे स्वर आत कोंडून मोठे होतात. बोटं कानांत घालून 'ऊ' म्हणून पाहिलं की हे लगेच कळतं. यावरचा पारंपरिक तोडगा म्हणजे एक कप कानामागे सरकवून गाणं. मोठमोठे पार्श्वगायक तसे उभे असलेले आपण छायाचित्रांत पाहिले आहेत. ते चुकीचं नाही. पण दोन कानांनी मिळून जो आवाज पुरेसा वाटतो तो एका कानाला अपुरा वाटतो, आणि बटण पुन्हा वर जातं. वर्षानुवर्षं झाकलेला कान एकच असेल तर झीजही त्याच कानाची. शिवाय कानावरून सरकवलेला कप माइककडे तोंड करून ढोलकी वाजवत बसतो. एक कान उघडा ठेवायचाच असेल तर त्या बाजूचा आवाज संगणकातूनच बंद करावा, आणि कान आलटून-पालटून झाकावेत. त्याहून बरं म्हणजे गाणाऱ्याचा स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये थोडा अधिक द्यावा, त्याला किंचित घुमारा द्यावा. बरेच जण मग दोन्ही कान झाकून गाऊ लागतात.

ब्लूटूथ हेडफोनचा विषय थोडक्यात संपतो: गाताना नको. बिनतारी आवाज पोचायला अनेकदा १०० ते २०० मिलिसेकंद लागतात. गाणं ऐकताना हे कळत नाही. पण स्वतःचा आवाज एवढ्या उशिरा कानात आला की मेंदू गडबडतो. बर्नार्ड ली यांनी १९५० साली प्रयोगातून दाखवलं होतं की सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास उशिराने स्वतःचं बोलणं ऐकवलं तर धडधाकट माणूस अडखळतो, अक्षरं लांबवतो. नवखा गायक मात्र यात स्वतःलाच दोष देतो, 'आज ताल सुटतोय' म्हणतो. तारेचा हेडफोन लावूनही उशीर जाणवला तर संगणकातलं बफर पाहावं. ४४,१०० च्या नमुना-दराला ५१२ नमुन्यांचं बफर एका फेरीत जवळपास १२ मिलिसेकंद घेतं, २५६ चं सहाच्या आत.

आता 'वाढव' या शब्दाबद्दल. गाणारा 'वाढव' म्हणतो तेव्हा त्याला बहुधा सगळंच मोठं नको असतं. काहीतरी एक ऐकू येत नसतं. बेंजो आणि ढोलकीच्या गर्दीत पेटीचा सूर बुडालेला असतो, नाहीतर स्वतःचा आवाज. अशा वेळी मुख्य बटणाला हात लावायच्या आधी बाकीचं कमी करावं. गाताना गायकाला पूर्ण सजलेला ट्रॅक लागत नाही, एक सूर आणि एक ठेका पुरतो.

तरीही कुणी सारखा 'वाढव' म्हणत असेल, तर शंका हेडफोनची नव्हे, कानाची घ्यायला हवी. इथल्या गायकांत बरेच जण वर्षाचे दहा महिने होडीवर डिझेल इंजिनाजवळ बसलेले असतात. कुणी लग्नसराईत बेंजो पार्टीत स्पीकरच्या भिंतीपुढे उभे राहतात. गोंगाटाने जाणारी श्रवणशक्ती सगळीकडून सारखी जात नाही. ३ ते ६ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात, बहुधा ४ हजारांपाशी, आधी खड्डा पडतो. बोलणं ऐकू येतं, म्हणून माणसाला आपण ठणठणीत वाटतो. पण 'स', 'श', 'ख', 'थ' यांची धार बोथट होते, गाण्यातले शब्द गुळगुळीत वाटतात. मग तो बटण वाढवतो आणि राहिलेल्या पेशींवर आणखी भार टाकतो. काही वेळा कारण याहून साधं असतं: कानात घट्ट बसलेला मळ. तो काढला की आवाज लख्ख. त्यासाठी काडी, पिन, कानकोरणं नको, डॉक्टरांकडून काढून घ्यावा. नवा हेडफोन घेण्याआधी कान तपासून घेणं आणि एकदा ऑडिओग्राम काढणं हा खर्च सगळ्यात आधी करण्याजोगा आहे. सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात तो हेडफोनच्या किमतीच्या मानाने नगण्य असतो. आदल्या रात्री हळदीला डीजेपुढे नाचून सकाळी तपासणीला जाऊ नये. कानाला निदान एक रात्र शांत मिळाली तरच खरा आकडा येतो. रेकॉर्डिंगनंतर कान दडे बसल्यासारखे वाटणं, शीळ वाजत राहणं हे 'थोडं होतंच' म्हणून सोडून देण्याजोगं नाही. २००९ साली उंदरांवरच्या एका प्रसिद्ध अभ्यासात कुजावा आणि लिबरमन यांना दिसलं की गोंगाटानंतर ऐकणं वरवर पूर्ववत झालं, केसपेशीही शाबूत राहिल्या, तरी त्यांना जोडलेल्या मज्जातंतूंची टोकं कायमची गेली होती. माणसातही तंतोतंत तसंच होतं असं अजून ठामपणे म्हणता येत नाही, पण बेफिकीर राहण्याजोगंही ते नाही.

कायम चढा आवाज हा हळूहळू होणारा घात. स्टुडिओत एका क्षणात होणारेही असतात. गाणारा हेडफोन काढून माइकसमोरच ठेवतो आणि आवाज फिरून-फिरून वाढत किंचाळी उठते. माइकचा ४८ व्होल्टचा पुरवठा चालू करताना फाट्‌कन आवाज होतो. चुकून कुठलीशी पट्टी टोकाला सरकते. हे सगळं दुसऱ्याच्या कानात होतं आणि चूक आपली असते. हेडफोनकडे जाणाऱ्या वाटेवर संगणकात एक लिमिटर बसवून ठेवावा, म्हणजे ठराविक पातळीवर आवाज जाणारच नाही. तार जोडताना-काढताना हेडफोन डोक्यावर नसावा. आवाज नेहमी शून्यावरून वर न्यावा. मेट्रोनोमची टोकदार टिकटिक निवडू नये. लाकडी ठोक्यासारखा बोदा आवाज कमी पातळीवरही कळतो आणि माइकमध्येही कमी झिरपतो.

पावसाळ्याची म्हणून एक वेगळी भानगड आहे. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद, खिडक्या बंद, बाहेर दमट हवा, आणि घामेजल्या कानांवर रेक्झिनच्या गाद्या. एकाने काढला की दुसऱ्याने चढवला. या दिवसांत कानात बुरशी झालेले रुग्ण वाढतात, हे कोकणातल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयातला डॉक्टर सांगेल. आधी खाज, मग दडा, मग ओल्या टीपकागदासारखा लगदा. खाजतं म्हणून काडी फिरवली जाते, वर लसूण घालून कढवलेलं तेल सोडलं जातं, आणि बुरशीला ऊब आणि ओल दोन्ही मिळतं. कानात घालायचे इअरफोन एकमेकांना देऊच नयेत. मोठ्या हेडफोनच्या गाद्यांवर सुती कापडाची खोळ घालावी आणि प्रत्येक गायकामागे बदलावी. गाद्या ओलसर फडक्याने पुसून वाऱ्यावर वाळवाव्यात; स्पिरिटने पुसल्या तर रेक्झिन कडक होऊन तडकतं, आणि खाऱ्या हवेत ते तसंही लवकर सोलतं. गाद्या सुट्या मिळतात की नाही हे हेडफोन घेतानाच विचारावं. सोललेली गादी नुसती वाईट दिसत नाही, ती फट पाडते, आणि फट पडली की पुन्हा बटण वर.

हेडफोनच्या नावावर सगळंच खपवूही नये. २०२४ च्या जूनमध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी जाहीर केलं की विमानातून उतरल्यावर त्यांना अचानक ऐकू येईनासं झालं. डॉक्टरांनी विषाणूच्या हल्ल्यामुळे अंतर्कर्णाच्या नसेचं बहिरेपण आल्याचं निदान केलं होतं. त्यांनी चाहत्यांना आणि तरुण सहकाऱ्यांना मोठ्या आवाजाच्या संगीतापासून आणि हेडफोनपासून सावध राहायला सांगितलं, ते योग्यच. पण बातम्यांतून 'हेडफोनमुळे बहिरेपण' एवढंच अनेकांच्या मनात राहिलं आणि खरी महत्त्वाची गोष्ट मागे पडली. एका कानाचं ऐकणं अचानक, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत गेलं, तर ती तातडीची अवस्था आहे. स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर उपयोगाची आशा जास्त. दोन आठवडे उलटले की ती झपाट्याने कमी होते. मळ असेल, पडसं असेल, गणपती झाले की दाखवू, असं म्हणण्याची ती वेळ नव्हे. त्याच दिवशी तपासणी हवी.

शेवटी धवलारणी. आगरी समाजातल्या लग्नांत धवले गाणाऱ्या या बायका आता उतारवयात आहेत. त्यांची गाणी टिपून ठेवायला नातवंडं त्यांना अशाच एखाद्या खोलीत घेऊन येतात. हे काम मोलाचं आहे, आणि नेमका इथेच हेडफोन आड येतो. म्हातारीच्या डोक्यावर जड हेडफोन चढवला जातो, कानात कधी न ऐकलेला मेट्रोनोम टिकटिकू लागतो, आणि पन्नास वर्षं पाठ असलेलं गाणं दुसऱ्या ओळीला अडतं. 'आजीला आता आठवत नाही' असा निष्कर्ष निघतो. आठवत सगळं असतं. वयामुळे वरचे स्वर कमी ऐकू येतात, स्वतःचा आवाज घुमतो, आणि जोडीला गाणारी बाई काचेपलीकडे बसवलेली असते. श्रवणयंत्र असेल तर कपाखाली ते शीळ घालतं, म्हणून ते काढून ठेवायला सांगतात. मग उरलंसुरलं ऐकणंही गेलं. धवले ढोलकी-बेंजोच्या ट्रॅकवर बेतलेले नाहीत. तिथे हेडफोन लागतच नाही. दोघी-तिघींना चटईवर समोरासमोर बसवावं, श्रवणयंत्र जागेवर राहू द्यावं, मधे एक माइक ठेवावा, पंखा बंद करावा आणि गाऊ द्यावं. पाहिजे तर नातवाने खोलीबाहेर बसून आपल्या कानाला हेडफोन लावावा, आवाज बेताचा ठेवून.